पराभूताचा डाव

खेळून संपलेला डाव पुन्हां पटावर मांडून पाहणें हें बुद्धिबळाच्या व्यासंगाचें एक मुख्य अंग होय. परंतु या अभ्यासांत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे : ज्यास शेवट ठाऊक आहे त्यानें, शेवट ठाऊक नसतां खेळलेल्याचा न्याय करावा तो कसा ?

पॅरिसच्या ऑपेरागृहांत १८५८ सालीं झालेला प्रसिद्ध डाव घेऊं. पॉल मॉर्फी या २१ वर्षांच्या अमेरिकन तरुणासमोर ब्रन्स्विकचे ड्यूक व काउंट इझुआर हे दोघे हौशी सरदार परस्परांच्या सल्ल्यानें काळीं मोहरीं चालवीत होते. त्यांनीं फिलिडॉरच्या नांवानें ओळखला जाणारा बचाव स्वीकारला. म्हणजे राजापुढील प्याद्यास वजिरापुढील प्याद्याचा आधार दिला. तिसऱ्या खेळीस उंटानें पांढरा घोडा जखडला. आज कोणीहि विद्यार्थी येथेंच बोट ठेवतो. कारण पुढल्याच खेळीस मॉर्फीनें मधलें प्यादें मारलें, आणि आपलें प्यादें राखण्यासाठीं त्यांस तो उंट घोड्याबद्दल द्यावा लागला. परंतु पुढील खेळ्या झांकून क्षणभर काळ्यांच्या बाजूस बसावें, म्हणजे ती खेळी किती सहज सुचणारी आहे हें कळेल. तिला दोष देणारें ज्ञान आम्हीं मिळविलेलें नव्हे. पिढ्यापिढ्यांच्या अभ्यासानें तें आम्हांस आयतें लाभलें आहे.

नवव्या खेळीची गोष्ट निराळी. राजा उघडा, त्याच्या बाजूचा उंट स्वतःच्याच वजिरामागें कोंडलेला. अशा स्थितींत त्यांनीं शत्रूचा उंट हुसकावण्यासाठीं प्यादें पुढें लोटलें. त्याच्या आदल्याच खेळीस मॉर्फीनें हातीं येणारें प्यादें सोडून नवा घोडा बाहेर काढला होता. आतां तोच घोडा देऊन त्यानें वाट फोडली, आणि शेवटीं वजीरहि अर्पण करून सतराव्या खेळीस मात केली. त्या वेळीं काळ्यांजवळ वजीर, हत्ती, उंट व घोडा शिल्लक होते. मॉर्फीजवळ केवळ एक हत्ती व एक उंट. काळ्यांचा तो हत्ती व तो उंट मात्र डावभर जागचे हललेच नव्हते !

यावरून आम्हांस न्यायाची एक कसोटी सुचते. पुढचें सर्व झांकूनहि जें चुकीचें दिसतें, तोच खेळणाऱ्याचा दोष. शेवट पाहिल्यावरच जें चुकीचें दिसूं लागतें, तें त्याचें अज्ञान किंवा दुर्दैव. खेळी चांगली कीं वाईट हें परिणामावरून ठरविण्यास प्रत्यवाय नाहीं. मनुष्य चांगला कीं वाईट हें मात्र त्यावरून ठरवूं नये. वडिलांच्या फसलेल्या व्यवहाराचा किंवा शेजाऱ्याच्या बुडालेल्या धंद्याचा निवाडा आपण घरोघरीं बसून करीत असतों, तेव्हां पुढल्या खेळ्या झांकण्याचें सौजन्य आपणांपैकीं किती जण दाखवितात ?