मूळची मोटार

जुनं घर आणि जुनी मोटार दुरुस्तीला काढू नये, असं शहाणी माणसं सांगत असतात. एक खिळा ठोकायला जावं तर दहा निखळतात. पण शहाण्या माणसांचं ऐकणारा माणूस मुळात जुनी मोटार ठेवतच नाही. आमच्या दादाने ठेवली, आणि निवृत्त झाल्यावर दुरुस्तीलाही काढली.

मोटार वडिलांची. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. फियाट 1100 डिलाइट, 1967 सालची. त्या काळी मोटार घ्यायची म्हणजे नाव नोंदवून काही वर्षं वाट बघायची. निवडही सोपी होती : अँबॅसडर, फियाट किंवा स्टँडर्ड हेरल्ड. मुलीसाठी स्थळं याहून जास्त येत. ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मली, वीस वर्षं दादरची खारी हवा प्याली आणि मग पुण्याला आमच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली विसावली. पुढे तिच्या बहिणींचं नाव बदलून ‘पद्मिनी’ झालं, पण मुंबईकर शेवटपर्यंत त्यांना फियाटच म्हणत राहिले. नाव बदललं तरी माहेरचं माणूस जुन्याच नावाने हाक मारतं, तसं. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा लोक हळहळले. टॅक्सीत बसून मीटरवरून वाद घालणारेसुद्धा हळहळले.

या दुरुस्तीत दादाकडे पाना, माझ्या पुतण्याकडे वेल्डिंगचं यंत्र आणि माझ्याकडे टॉर्च. टॉर्च धरणाऱ्या माणसाला हात हलवता येत नाही, बोललेलं कोणाला आवडत नाही. त्यामुळे विचार करण्यावाचून त्याला गत्यंतर नसतं. तत्त्वज्ञानाची सुरुवात बहुधा अशीच कोणासाठी तरी दिवा धरून उभं राहिल्याने झाली असावी.

पहिला विचार गंजाचा. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो; त्यात समुद्राचं मीठ पडलं की तो घाई करतो. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून रंगाखाली फुगवटा येतो. वरून मुरमाएवढी पुळी दिसते, बोट दाबावं तर आरपार. शिवाय या गाडीला ट्रकसारखी वेगळी चॅसी नाही. पत्र्याचं कवच हाच तिचा सांगाडा. तळाचा पत्रा कुजला म्हणजे नुसती कातडी गेली नाही, हाडंच गेली.

यावर दोन उपाय. एक सोपा : भोकात पुट्टी भरायची, घासायची आणि वरून चकचकीत रंग मारायचा. पहिल्या पावसापर्यंत गाडी नवरीसारखी दिसते; आत गंज आपलं काम चालूच ठेवतो. दुसरा उपाय खरा : चांगला पत्रा लागेपर्यंत कापत जायचं आणि नवा तुकडा जोडायचा. तोही सलग नव्हे. एक टाका इथे, एक तिथे, कारण पातळ पत्रा एकाच जागी तापला की वाकडा होतो. गोधडी शिवण्याइतकं चिकाटीचं काम.

असा सगळा तळ बदलून झाला. पुढची दोन दारं कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून आली. जन्मगावीच पुन्हा अवयव मिळाले म्हणायचे. कार्बोरेटर तिसऱ्याच गाडीचा. एका रविवारी पुतण्या गाडीखालून म्हणाला, “काका, मग ही आजोबांची गाडी कशी? आजोबांच्या गाडीतलं आता उरलंय काय?”

दादाने उत्तर दिलं नाही. पाना मागितला.

पोरगा हसत बोलला होता, पण प्रश्न फार जुना आहे. ग्रीकांच्या थीसियसचं जहाज अथेन्सवाल्यांनी जपून ठेवलं होतं. कुजेल ती फळी बदलत गेले आणि पंडित भांडत बसले, की जहाज तेच की दुसरं? ही हकिगत प्लुटार्कने लिहून ठेवली. पुढे सतराव्या शतकात हॉब्ज नावाच्या इंग्रजाने त्यात काडी घातली : काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जमवून त्यांचंच दुसरं जहाज बांधलं, तर खरं कोणतं? हॉब्जने आमचा भंगारवाला पाहिला असता तर त्याला कल्पना लढवावी लागली नसती. नानांच्या गाडीचा डायनॅमो आज कोणाच्या तरी गाडीत बसला असेल. मग ती गाडी थोडीशी नानांची झाली का?

आपल्याकडे हाच वाद रथावरून झाला. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात राजा मिलिंद, म्हणजे ग्रीक मिनँडर, भिक्षू नागसेनाला भेटतो. नागसेन विचारतो, महाराज, रथातून आलात ना? मग दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. शेवटी ठरतं, की या सगळ्या भागांच्या मेळाला आपण व्यवहारापुरतं दिलेलं नाव म्हणजे रथ. आणि माणसाचंही तेच.

जे नागसेनाने व्यवहारावर सोडलं, ते सरकारने 2021 साली निकालात काढलं. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. शुल्क वीस हजार रुपये. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात. मात्र अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला न्यायची. रोज मंडईत न्यायची नाही. म्हणजे सत्कार झालेल्या म्हाताऱ्यासारखं : शाल पांघरून बसायचं, कामाला हात लावायचा नाही. तळ बदललेली आमची गाडी घेऊन त्या पंगतीत पाट मागायला आम्ही गेलो नाही.

घरात पक्ष मात्र दोन पडले होते. पुतण्याला पुढे डिस्क ब्रेक हवे होते, सीट बेल्ट हवे होते, स्टिअरिंगजवळचा गिअर खाली हवा होता, वातानुकूलन हवं होतं. दादाचा एकच मंत्र : “मूळचं तेच राहील.”

या मंत्राला तडा गेला तो रंग खरवडताना. वरचा पांढरा निघाला, खाली पिस्ता लागला. पिस्ता निघाला, खाली करडा. करडा कारखान्याचा. पिस्ता नानांनी ताईच्या लग्नाच्या वर्षी दिलेला, पांढरा पुढे कधीतरी. डॅशबोर्डखाली एक पितळी हूक होता, आईची पिशवी अडकवायला नानांनी ठोकलेला. तो कारखान्याच्या कुठल्याही यादीत नव्हता. मागच्या सीटमागची लाकडी फळीही नव्हती.

तेव्हा माझ्या हातातला टॉर्च जरा हलला, आणि दादा ओरडला. पण मला एक गोष्ट दिसली होती. ‘मूळचं’ म्हणजे नक्की कोणत्या तारखेचं? गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसासारखी करायची, तर आधी नानांनाच तिच्यातून पुसावं लागणार होतं! फेरफार करणारा पहिला माणूस माझा पुतण्या नव्हता. नाना होते.

मी हे बोलून दाखवलं. दादा बराच वेळ त्या हुकाकडे बघत राहिला. मग चिंधीने तो पुसायला लागला.

शेवटी घरात जे ठरलं ते असं. जिथे जिवाचा प्रश्न, तिथे बदल : रीतसर परवानगी घेऊन डिस्क ब्रेक, आणि सीट बेल्ट. आजच्या रस्त्यावर नातवंडांना 1967 च्या भरवशावर बसवण्यात कसली आली निष्ठा? जिथे हाताची सवय आणि आठवण, तिथे जतन : गिअर वरच राहिला, हूक राहिला, रंग पिस्ता. वातानुकूलनाबद्दल पुतण्याने माघार घेतली, कारण ते इंजिनाला झेपेना.

बदल करण्यात मला पाप दिसत नाही. देहाची दुरुस्ती आपणही करतोच. कवळी बसवलेला माणूस दुसरा होत नाही. पाप आहे ते पुट्टीत. जे बदललं ते बदललं नाही असं भासवण्यात, आणि उद्या घेणाऱ्याच्या गळ्यात ‘अस्सल’ म्हणून बांधण्यात. वस्तू तीच राहते ती भागांमुळे नव्हे, तिची देखभाल करणाऱ्यांचा धागा तुटत नाही म्हणून; आणि धागा खरा असेल तरच.

नानांची एक वही आहे. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, दुरुस्ती, रुपये-पैसे. शेवटची नोंद त्यांच्या थरथरत्या अक्षरात आहे : ‘फॅन बेल्ट बदलला.’ त्याखाली एक ओळ सोडून दादाने लिहिलंय : ‘तळाचा पत्रा पूर्ण बदलला. दोन दारं दुसऱ्या गाडीची. ब्रेक नवीन पद्धतीचे.’ पुढची पानं पुतण्यासाठी कोरी आहेत. वहीची शिवण उसवली होती, म्हणून ती आम्ही बांधून घेतली. पुठ्ठाही नवा घातला. ती नानांचीच वही का, असं मात्र अजून कोणी विचारलेलं नाही.