शिकवणाऱ्याचे भय कोणासाठी?

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आमच्या पुष्कळ मंडळ्यांतून एक चांगला विचार पुढे येतो. ज्यांना इंग्रजी मुळीच येत नाही, अशांसाठी संध्याकाळी तासभर वर्ग घ्यावा. सभागृह रिकामे असते, बाके असतात, शब्बाथशाळेचा फळाही असतो. शिकणारी माणसेही असतात. कोणा आईला औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचता यावी असे वाटते. कोणा गृहस्थाला बँकेचा फॉर्म दुसऱ्याच्या हातापाया न पडता भरायचा असतो. कोणा आजीला नातवाच्या शाळेतून मोबाइलवर आलेला निरोप स्वतः समजून घ्यायचा असतो. नसतो तो शिकवणारा. पदवी घेतलेल्या तरुण-तरुणींना विचारावे, तर त्या मान खाली घालून म्हणतात, “आम्हांला इंग्रजी येते, पण शिकवायची भीती वाटते.”

ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पहिल्या तासाच्या आदल्या रात्री झोप न लागणे, खडू धरलेला हात कापणे, पाठ केलेले वाक्य ऐन वेळी विसरणे, हे ज्यांनी कधीही कोणाला काही शिकवले आहे त्यांना ठाऊक आहे. परंतु ह्या भीतीत एक नीतीचा प्रश्नही दडलेला आहे. ही भीती म्हणजे दुबळेपणा समजावा, नम्रता समजावी, की नुसती सबब? आणि ज्याचे स्वतःचे ज्ञान अपुरे आहे त्याने दुसऱ्यास शिकवायला उभे राहणे योग्य आहे काय? ह्या दोन प्रश्नांचा आपण थोडा शांतपणे विचार करू या.

प्रथम हे पाहू की इंग्रजीचीच एवढी धास्ती का. हिशेब शिकवताना चूक झाली तर आपण फळा पुसून पुन्हा मांडतो. कोणास काही वाटत नाही. मराठी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर ती एका अक्षराची चूक ठरते. परंतु इंग्रजी उच्चार चुकला की ती माणसाची चूक ठरते. हा कोणत्या शाळेतला, कोणत्या घरातला, ह्याचे आईबाप किती शिकलेले, असे सारे हिशेब ऐकणाऱ्यांच्या मनात होऊन जातात. पिढ्यान् पिढ्या आमच्याकडे इंग्रजी ही नुसती भाषा नव्हती. नोकरीचे दार उघडायची ती किल्ली होती, आणि कोण दाराच्या आत व कोण बाहेर हे ठरवणारे मापही होती. म्हणून शिकवणाऱ्याला वाटणारे भय त्याच्या एकट्याचे नाही. ते त्याच्या आधीच्या लोकांकडून त्याच्याकडे आले आहे.

ह्याचे एक मोठे उदाहरण शेजारच्या महाराष्ट्रात घडले. तेथे २००० साली मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी हा विषय सुरू झाला. त्यापूर्वी तो पाचवीपासून असे. म्हणजे सहा वर्षांच्या मुलांसमोर जे गुरुजी आणि ज्या बाई उभ्या राहिल्या, त्यांतील पुष्कळांना स्वतःला इंग्रजी अक्षरे पाचवीत पहिल्यांदा भेटली होती. त्यांचे शिक्षण मराठीत, त्यांचे प्रशिक्षण मराठीत, आणि आता त्यांनी नवशिक्यांना इंग्रजी शिकवायचे. त्यांच्या मनात धाकधूक नसती तरच नवल! तरीही ते उभे राहिले, गाणी म्हटली, चित्रे दाखवली, “स्टँड अप, सिट डाउन” म्हणत मुलांबरोबर स्वतःही उठले-बसले. त्यांची अडचण खरी होती. पण त्यांनी पूर्ण तयार होण्याची वाट पाहिली असती, तर ती मुले तोवर शाळा सोडून गेली असती.

आता एका प्रसिद्ध माणसाकडे पाहू. मोहनदास गांधी १८९१ साली विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतले आणि मुंबईत वकिली करू लागले. स्मॉल कॉजेस कोर्टात त्यांचा पहिला खटला अगदी लहान होता. फी तीस रुपये. उलटतपासणीसाठी ते उभे राहिले आणि त्यांचे डोके गरगरू लागले. एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले, खटला आपल्याने चालवणार नाही असे सांगून मोकळे झाले, आणि पक्षकाराने एक्कावन्न रुपये देऊन दुसरा वकील केला. पुढे वर्तमानपत्रात रोज एक तास इंग्रजी शिकवणारा शिक्षक पाहिजे, पगार पंचाहत्तर रुपये, अशी जाहिरात पाहून त्यांनी अर्ज केला. त्यांना भेटीसही बोलावले. पण ते पदवीधर नाहीत म्हणून ती जागा त्यांना मिळाली नाही.

त्यानंतर १८९३ साली ते दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियास गेले. तेथील हिंदी लोकांच्या एका सभेत ते बोलले. ते आपल्या आयुष्यातील पहिलेच जाहीर भाषण म्हणता येईल, असे त्यांनी आपल्या आत्मकथेत लिहिले आहे. आपल्या लोकांना इंग्रजी फार थोडे येते हे पाहून, ज्यांना शिकायचे असेल त्यांना मी शिकवीन, असे त्यांनी सांगितले. तीन जण तयार झाले: एक न्हावी, एक कारकून आणि एक लहानसा दुकानदार. अट अशी की शिक्षकाने त्यांच्या जागी येऊन शिकवावे. गांधी गेले. कधी विद्यार्थी आपल्या धंद्यात गुंतलेले असत, तरी त्यांनी धीर सोडला नाही. सुमारे आठ महिन्यांत दोघांना हिशेब ठेवण्यापुरते व साधी व्यापारी पत्रे लिहिण्यापुरते इंग्रजी आले. न्हाव्याला गिऱ्हाइकांशी बोलण्यापुरतेच हवे होते. आणि गांधी लिहितात की आपण शिकवू शकू की नाही, ही शंका त्यांच्या मनात आली नाही.

वाचकहो, ह्या दोन प्रसंगांत माणूस तोच, इंग्रजीही तेच. मुंबईच्या कोर्टात त्यांच्यापाशी इंग्रजीची उणीव नव्हती. मग जीभ तेथे अडली आणि प्रिटोरियात का अडली नाही? आम्हांस असे वाटते की कोर्टात सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर होते, आणि त्यांचे स्वतःचे डोळेही स्वतःवरच होते. प्रिटोरियात त्यांचे डोळे न्हाव्यावर होते. ह्याला गिऱ्हाइकाशी काय बोलावे लागते, ह्याच्या दुकानात गर्दी केव्हा नसते, ह्याला नेमके किती पाहिजे, हे पाहण्यात ते गुंतले. जो दुसऱ्याची गरज मोजू लागतो त्याला स्वतःची उंची मोजायला सवड राहत नाही.

म्हणजे भीती दोन प्रकारची आहे. एक भीती म्हणते, “माझे हसे होईल.” दुसरी म्हणते, “ह्या माणसाचा धीर खचेल.” दोन्हींत छाती सारखीच धडधडते. पण पहिली भीती आपल्याला घरी बसवते, आणि दुसरी आपल्याला दिवा लावून उद्याचा पाठ तयार करायला बसवते. पहिली टाकून द्यावी, दुसरी जपावी. ज्याला दुसरीही भीती वाटत नाही, त्या शिक्षकापासून मात्र देव नवशिक्यांना राखो!

पहिल्या भीतीचा खरा धोका असा की ती लपवली तर वेष पालटून वर्गात येते. कधी ती अखंड बडबडीच्या रूपाने येते. घाबरलेल्या शिक्षकाला वर्गातील शांतता सोसवत नाही. अमेरिकेतील मेरी बड रो ह्या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात असे दाखवून दिले की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सुमारे एकच सेकंद उत्तराची वाट पाहतात. तेच शिक्षक तीन सेकंद किंवा अधिक थांबू लागले, तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. फक्त दोन सेकंदांचा धीर! पण शिकणाऱ्याला तेवढ्यात शब्द सापडतो.

कधी ती भीती भाषाच टाळते. एलेन हॉर्विट्झ ह्या अभ्यासक बाईंनी १९९६ साली लिहिले की परकी भाषा शिकवणाऱ्या शिक्षकांनाही त्या भाषेची भीती वाटते, आणि असे शिक्षक वर्गात ती भाषा कमी बोलण्याकडे झुकतात. मग व्याकरणाचे नियम मराठीत सांगून तास संपतो, आणि इंग्रजी वाक्य कोणाच्याच तोंडून बाहेर पडत नाही.

परंतु सर्वांत वाईट म्हणजे ती भीती कडकपणाच्या रूपाने येते. आपले अज्ञान उघडे पडू नये म्हणून शिक्षक मोठ्याने बोलतो, प्रश्न विचारणाऱ्याला दटावतो, चुकलेल्याचा उच्चार सर्वांसमोर तसाच करून दाखवतो. वर्ग हसतो आणि शिक्षकाला सुटल्यासारखे वाटते, कारण हसणे आपल्यावर येणार होते ते दुसऱ्यावर गेले. बलवानाने आपले ओझे दुबळ्याच्या डोक्यावर ठेवावे, तसाच हा अन्याय आहे. पन्नाशीची बाई धैर्य एकवटून वर्गात येते, एकदा हसे होते, आणि पुन्हा ती कधी येत नाही. ती काही तक्रार करीत नाही. “घरी काम होते,” एवढेच सांगते. तिचे इंग्रजी तर गेलेच, पण ह्या वयात आपल्यालाही काही शिकता येईल हा विश्वासही गेला. भीती वाटणे हा दोष नाही. तिची किंमत दुसऱ्याकडून वसूल करणे हा दोष आहे.

आता दुसरा प्रश्न. अपुऱ्या ज्ञानाच्या माणसाने शिकवावे काय? आमचे उत्तर असे: जेवढे नीट येते तेवढे अवश्य शिकवावे, जे येत नाही ते येत असल्याचे सोंग करू नये. “हे मला आत्ता सांगता येत नाही, उद्या पाहून सांगतो,” हे वाक्य शिक्षकाला कमीपणा आणीत नाही. उद्या खरोखर पाहून सांगितले म्हणजे शिकणाऱ्याला कळते की न येणे ही लाजेची गोष्ट नव्हे. नवशिक्याला पहिल्या महिन्यात तरी काय हवे असते? आपले नाव व पत्ता, अंक, वार, महिने, घरातील वस्तू, दहा-वीस साधी वाक्ये. एवढ्यासाठी विद्वान लागत नाही. तयारी करणारा आणि सबुरीचा माणूस लागतो.

शिवाय जो स्वतः धडपडत शिकला त्याच्यापाशी एक ज्ञान असते, जे जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याला सहसा नसते. विद्यार्थी कोठे अडखळणार हे त्याला आधीच ठाऊक असते. आपण “मी पाणी पितो” म्हणतो, क्रियापद शेवटी; इंग्रजीत पिणे आधी आणि पाणी नंतर. आपण “माझ्याकडे पुस्तक आहे” म्हणतो. इंग्रजीत त्यासाठी ‘हॅव’ हे निराळेच क्रियापद लागते. आपण लिहितो तसे बहुतेक वाचतो. तेथे मधले अक्षर एकच असून एक शब्द ‘पुट’ होतो आणि दुसरा ‘बट’. आपल्या एका ‘व’च्या जागी त्यांचे दोन उच्चार आहेत: एकाला वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्याला नुसते ओठ गोल होतात. नामाआधी येणारे ‘अ’ आणि ‘द’ तर मराठीत नाहीतच. ज्या खड्ड्यात आपण पडलो तो खड्डा आपण दुसऱ्याला अचूक दाखवू शकतो.

आणखी एक गोष्ट आपण, महाराष्ट्राबाहेर घरे करून राहिलेल्या लोकांनी, विसरू नये. बेळगावात घरी मराठी बोलणारी बाई बाजारात कानडीत भाव करते. इंदूर-ग्वाल्हेरीकडे हिंदी, बडोद्यास गुजराती, हैदराबादेत तेलुगू आणि उर्दू, गोव्यात कोकणी. आपल्यातील अशिक्षित म्हटलेली माणसेही दोन-तीन भाषा वापरतात. ती कोणत्या वर्गात शिकली? मोडके-तोडके बोलत, ऐकत, पुन्हा बोलत शिकली. भाजीवाल्याने त्यांना परीक्षेला बसवले नाही. त्याला भाजी विकायची होती आणि ह्यांना घ्यायची होती. इंग्रजीच्या वर्गात हाच मोकळेपणा आणता आला तर निम्मी भीती दारातच राहील. पहिल्या तासाला शिकणाऱ्यांना विचारावे, “तुम्हांला किती भाषा येतात?” बोटे मोजताना त्यांचे चेहरे पाहावेत. आपल्याला काहीच येत नाही असे समजून आलेला माणूस आपण पूर्वी एकदा भाषा शिकलो आहोत हे ओळखतो.

ज्यांना अशा वर्गासाठी विचारणा झाली आहे त्यांना आमचे एवढेच सांगणे. मोशेनेही आपण बोलण्यात जड आहोत अशी अडचण सांगितली होती, आणि त्याला घरी बसवण्यात आले नाही. अहरोन हा सोबती देण्यात आला. तेव्हा शक्य तर दोघांनी मिळून वर्ग घ्यावा. एकाचा शब्द अडला तर दुसऱ्याने पुढे न्यावा. पाठ लहान ठेवावा, पण पूर्ण तयार करावा. थोडे लवकर जाऊन येणाऱ्या प्रत्येकाचे नाव विचारून घ्यावे, आणि तो कशासाठी शिकू इच्छितो हेही विचारावे. प्रश्न विचारल्यावर थांबावे. कोणी हसले तर ते तेथेच प्रेमाने थांबवावे. हात कापला तर कापू द्यावा. समोर बसलेल्या माणसाच्या हातातील पेन्सिलही कापत असेल, आणि तिच्याकडे लक्ष देणे हे त्या तासाचे पहिले काम आहे.