सवत्स धेनू आणि दानाचा प्रश्न

आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे वसुबारसेला, जी गाय पुजली जाते ती एकटी नसून वासरासह उभी असलेली सवत्स धेनू असते, आणि व्रत करणाऱ्या स्त्रिया त्या दिवशी तिचे दूध वर्ज्य करून त्यावरील वासराचा पहिला हक्क मान्य करतात. दिल्लीतील पहाडगंजात, जेथे बृहन्महाराष्ट्र भवन आणि नूतन मराठी शाळा यांनी मराठी जीवन जपले, तेथे दूध पिशवीतून येते आणि पूजेला गाय-वासराची मूर्ती पुरते. परंतु गाय नजरेआड झाली म्हणून तिच्याविषयीचे कर्तव्य संपत नाही, उलट गोठ्यात काय चालते हे समजून घेण्याची जबाबदारी वाढते.

भ्रूण प्रत्यारोपणात उत्तम वंशाच्या गाईला संप्रेरकांची इंजेक्शने देऊन एका माजात एकाऐवजी अनेक स्त्रीबीजे पक्व केली जातात, तिला कृत्रिम रेतन करतात आणि सुमारे सातव्या दिवशी गर्भाशयातून भ्रूण काढून ते इतर गाईंच्या उदरात ठेवतात. अशी गाय निवडताना अँटी-म्युलेरियन हार्मोन उपयोगी पडते. बीजांडकोशातील वाढत्या लहान पुटिकांमध्ये, म्हणजे स्त्रीबीजे धारण करणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये, ते तयार होते, त्यामुळे त्याची पातळी अधिक असलेल्या गाईकडून सामान्यतः अधिक भ्रूण मिळतात. रक्ताऐवजी दुधात ते मोजता आले, तर रोजच्या धारेतील थोडे दूध पुरते आणि सुई टोचावी लागत नाही. शिवाय जिच्याकडून फारसे साधणार नाही, तिची इंजेक्शनांच्या त्रासातून सुटका होते. अहिंसेच्या दृष्टीने हा लाभ खरा आहे.

अडचण भ्रूण देणाऱ्या अशा गाईसाठी वापरल्या जाणाऱ्या 'दाता गाय' या शब्दात आहे. धर्मशास्त्राप्रमाणे दान म्हणजे आपले स्वत्व, अर्थात मालकी, सोडून दुसऱ्याचे स्वत्व निर्माण करणे. ज्या प्राण्याला स्वतःवरच स्वत्व नाही, त्याला दाता कसे म्हणावे? गोदानात गाय ही देय वस्तू आणि माणूस हा दाता असतो, तर येथे घेणाराही माणूसच असून देण्याचे श्रेय गाईच्या नावे मांडले जाते. घेण्याला दान म्हटले, की घेणाऱ्यावरचे ऋण दिसेनासे होते.

सावरकरांनी गाईला देवता न मानता उपयुक्त पशू मानले. गांधीजींच्या प्रेरणेने उरुळी कांचनला आलेल्या मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये 'बायफ' ही संस्था स्थापून कृत्रिम रेतन आणि संकर हेच शेतकऱ्याच्या सेवेचे साधन केले. उपयोग आणि सेवा एकत्र नांदू शकतात हे त्या कामातून दिसते. मात्र केवळ उपयोगाच्या मोजमापाला 'भाकड' हा शब्द नेहमीच चिकटतो, आणि दुधातील संप्रेरकाच्या या चाचणीमुळे दूध देणारी, गाभण राहणारी गायही एका आकड्यापायी कमी प्रतीची ठरू शकते.

पान्हा फुटतो तो वासरासाठी, आणि त्याच दुधातून गाईची निवड होते. म्हणून त्या दुधाचे ऋण निवडलेल्या गाईपुरते मर्यादित राहू शकत नाही. जिचे भ्रूण घेतले ती, जिने परका गर्भ वाढवून त्याला पाजले ती, आणि जिचा आकडा कमी आला ती, या तिघींचाही म्हातारपणापर्यंत सांभाळ करण्याचे ज्याने पत्करले, त्याच्याच हातून वसुबारसेची पूजा पूर्ण होते.