दोष कुणाचाच नाही

लहान मुलाला मधुमेह झाला की शेजारीपाजारी लगेच म्हणतात, 'गोड फार खायचा!' टाइप वन मधुमेहात तसं नसतं. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. दोष ना मुलाचा, ना आईचा. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला इन्सुलिन टोचलं गेलं आणि तो वाचला. तोवर या आजारावर औषधच नव्हतं. आज बोटाला सुई टोचून साखर बघायची, जेवणाआधी इन्सुलिन घ्यायचं आणि खुशाल मैदानावर पळायचं. मात्र साखर फार उतरून अशा मुलाला वर्गात दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, तर रागावू नका. शुद्धीवर असेल तर आधी साखरपाणी द्या. आणि कुणीही काहीही सांगो, त्याचं इन्सुलिन बंद करू नका.