परक्या पोरीचं देऊळ

सिंगापूरच्या चांगी पॉइंट धक्क्यावरची लाकडी बोट घड्याळ पाहून सुटत नाही, उतारू पाहून सुटते. बारा जण जमले की निघायचं, आणि कोणाला फारच घाई असेल तर त्याने बाराही जणांचं भाडं भरायचं. दहा-पंधरा मिनिटांत पुलाउ उबिन येतं. मिनिटामिनिटाचा हिशोब ठेवणाऱ्या सिंगापूरला अजून गाव म्हणावं असं काही उरलंय, ते इथे: पत्र्याची छपरं, भाड्याच्या सायकली आणि भर चौकात तुआ पेक काँग या ग्रामदैवताचं देऊळ. देवळाच्या समोर चिनी संगीत नाटकांचा रंगमंच आहे, तोही देवाकडे तोंड करून. जत्रेतला खेळ आधी देवाने पाहायचा, माणसांनी मागाहून, हा रिवाज मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

गावापासून दूर, बेटाच्या पश्चिमेला, केटाम खाणीजवळ एक पिवळी झोपडीवजा खोली आहे. आत देव्हाऱ्यावर चिनी मातीचा कलश आणि त्याच्यापाशी एक बार्बी बाहुली. पुढ्यात आरसे, अत्तरं, पावडर, लिपस्टिक, नखं रंगवायच्या बाटल्या, फळं. जर्मन मुलीचं हे स्थान. तिचं नाव कोणालाही ठाऊक नाही.

कथा अशी सांगतात. 1914 साली पहिलं महायुद्ध पेटलं, आणि या बेटावर कॉफीचा मळा असलेल्या जर्मन कुटुंबाला पकडायला ब्रिटिश शिपाई आले. घरातली मुलगी मागच्या दाराने पळाली आणि कड्यावरून कोसळली. मळ्यावरच्या मजुरांना पुढे तिचं प्रेत सापडलं. त्यांनी त्यावर माती लोटली. नंतर टेकडीवर तिचं दफन झालं. मग लोक तिथे उदबत्ती लावू लागले. नवसाला पावते, लॉटरीचा आकडा सुचवते, असा लौकिक झाल्यावर जुगारी मंडळीही बोटीने येऊ लागली. 1974 च्या सुमारास दगडाची खाण टेकडी खात खात तिच्यापर्यंत पोहोचली, तेव्हा अवशेष उकरून कलशात ठेवले गेले. त्यात तिचे केस आणि एक क्रूस आहे म्हणतात. बाहुली बरीच नंतरची, एका भक्ताला पडलेल्या स्वप्नावरून आलेली.

यातलं इतिहासाला पटणारं किती? युद्ध सुरू होताच सिंगापुरातल्या जर्मनांना टँगलिनच्या छावणीत डांबलं गेलं, हे खरं. 1915 च्या फेब्रुवारीत हिंदी शिपायांनी बंड करून तीच छावणी उघडली, हेही खरं. मुलीची गोष्ट मात्र तोंडी परंपरेवर उभी आहे.

मग जी मुलगी कदाचित नव्हतीच, तिच्यासमोर हात जोडणं ही फसवणूक का? तर्काने विचारलं तर उत्तर सोपं आहे, पण ग्रामश्रद्धा या प्रश्नापाशी थांबतच नाही. मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो, असं मानणाऱ्या गावाने त्या मुलाचं नाव कधी शोधलंय? अकाली गेलेल्या, मागे कोणी रडायला नसलेल्या जिवाचं काय करायचं, ही गावाची खरी अडचण. भीतीपोटी असेल, पण त्याला जागा देणं हे गावाने आपलं काम मानलं.

परका असला तरीही. मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट (मुंबईतल्या ग्रँट रोडचे तेच) 1838 मध्ये दापोडीला वारले. पुढे कित्येक वर्षं पुण्याच्या गव्हर्न्मेंट हाउसवरचे पहारेकरी अंधार पडल्यावर दारातून बाहेर पडणाऱ्या मांजराला सलामी देत, असं एका ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने आठवणींत लिहिलंय. साहेबाचा आत्मा मांजरात शिरला, ही शिपायांची समजूत. हसू येतं, पण गव्हर्नराला निदान हुद्दा होता. उबिनच्या मुलीकडे तोही नाही.

खरा अवघड प्रश्न वेगळाच आहे. ती ख्रिस्ती असेल, तर उदबत्त्या आणि आकड्यांची मागणी तिला रुचली असती का? मेलेल्याची संमती कोणी घ्यायची? या भागातल्या चिनी भाविकांकडे याचं एक व्यवहारी उत्तर आहे. जमिनीचा राखणदार मलय मुसलमान मानला, तर ते त्याला डुकराचं मांस दाखवत नाहीत. देव ज्याचा, पथ्यही त्याचं. जर्मन मुलीपुढे तरुण मुलीला आवडेल ते ठेवतात. त्यात तिच्या धर्माचा विचार थोडा आणि वयाचा फार, हे कबूल करावं लागेल. तरी चौकशी करायची ही रीत, कितीही भाबडी असली तरी, धर्मांतराच्या हट्टापेक्षा सभ्य आहे.

आता गावात माणसं फारशी उरलेली नाहीत. इथल्या ग्रॅनाइटने 1851 चं हॉर्सबर्ग दीपगृह उभारलं. शेवटची खाण 1999 मध्ये बंद झाली आणि बहुतेक माणसं मुख्य बेटावरच्या उंच इमारतींत गेली. उजनी धरणात पळसदेव बुडालं तेव्हा गावाने देवाला नव्या वस्तीत नेलं. या मुलीला कोणी नेलं नाही. तिच्या देव्हाऱ्याला आता आधार आहे तो बाहेरून बोटीने येणाऱ्या भाविकांचा आणि वाट वाकडी करून डोकावणाऱ्या सायकलस्वारांचा. त्यांतले कितीतरी कुठल्याच देवाला मानत नसतील. तरी येताना कोणी नेलपॉलिशची बाटली आणतं, कोणी अत्तराची.