मुंडकाराच्या नातवाची खोली

हरमलला एका कौलारू घरावर पाटी पाहिली : ‘खोली भाड्याने, फक्त पर्यटकांसाठी’. ‘फक्त’च्या खाली रंगाने पुसलेलं ‘वर्षभर’ अजून वाचता येत होतं.

घराच्या प्रश्नाला गोव्याने एकदा धीटपणे हात घातला होता. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवर पिढ्यानपिढ्या राहणाऱ्याला १९७५च्या मुंडकार कायद्याने संरक्षण दिलं, गावात ३०० चौरस मीटरपर्यंतची जागा विकत घ्यायचा हक्कही दिला. डिचोलीतल्या मयेत मालक पोर्तुगालला निघून गेले, जमीन सरकारी कस्टोडियनकडे गेली आणि माणसं आपल्याच घरात परकी झाली; त्यांच्या हाती आता कुठे सनदा पडताहेत. २०२५ची ‘म्हजें घर’ योजनाही २०१४पूर्वी उभ्या राहिलेल्या घरांसाठीच.

हे व्हायलाच हवं होतं. पण सगळे कायदे कालच्या घरांचे. मुंडकाराच्या नातवांत ते ३०० चौरस मीटर वाटले की धाकट्याला पडवीच उरते. तो मोपा विमानतळावर टॅक्सी चालवतो. विमानतळ २०२३मध्ये सुरू झाला आणि पेडण्यातली जमीन त्याच्या आवाक्याबाहेर गेली. त्याच वर्षी नगर नियोजन कायद्यात कलम १७(२) आलं. आराखड्यातल्या ‘चुका’ सुधारायच्या म्हणून शेतजमिनी बांधकामाला मोकळ्या अशा सेटलमेंट झोनमध्ये जाऊ लागल्या. मार्च २०२५मध्ये उच्च न्यायालयाने त्याचे नियम रद्द केले. अशा जमिनीवर टॅक्सीवाल्याचं घर उभं राहतं, हे मला कुणी पटवून द्यावं.

हा पेच गोव्यापुरता नाही. पाच लाख युरोंचं घर घेणाऱ्या परदेशी माणसाला पोर्तुगाल २०१२पासून राहण्याचा परवाना देत असे; २०२३मध्ये त्याने ती वाट बंद केली. बार्सिलोना २०२८पर्यंत दहा हजारांवर पर्यटक-फ्लॅटचे परवाने संपवू पाहते. बर्लिनने भाडी गोठवली, तो कायदा २०२१मध्ये न्यायालयात पडला. त्याचं मला फारसं दुःख नाही. मालकाचे हात बांधले की तो घर भाड्याने देतच नाही; भाडेकरू निघणारच नाही या धास्तीने आपल्याकडेही कितीतरी घरं कुलपात आहेत. मला पटते ती व्हिएन्ना : शंभर वर्षांपूर्वी नगरपालिकेने स्वतः घरं बांधली, विकली नाहीत, भाड्याने दिली. आज निम्मं शहर नगरपालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतं. हाउसिंग बोर्ड आपल्याकडेही आहे; ते भूखंड विकतं. विकलेला भूखंड दुसऱ्या खरेदीला बाजारात जातो, मग सरकारने काय राखलं?

पाटीवरचा नंबर लावून पाहिला. वर्षासाठी मिळेल का, विचारलं. बाई मायेने म्हणाली, “पावसांत जाय जाल्यार दितां. ऑक्टोबरांत मात सोडची पडटली.”