उशिरा का होईना

एखाद्याच्या पदरात त्याच्या हक्काचं काही फार उशिरा पडलं की आपण म्हणतो, उशिरा का होईना, मिळालं ना! त्या ‘का होईना’मध्ये किती वर्षं गिळली गेली, हे कुणी विचारत नाही. अमेरिकन मुष्टियोद्धा आर्ची मूरची कारकीर्द वाचताना मला मात्र त्या वर्षांचाच हिशेब मांडावासा वाटतो.

१७ डिसेंबर १९५२. ज्या सेंट लुइसमध्ये मूर लहानाचा मोठा झाला, तिथंच त्यानं जोई मॅक्सिमला १५ फेऱ्यांनंतर गुणांवर हरवलं आणि तो लाइट हेवीवेटचा जगज्जेता झाला. वय ३६. किंवा ३९, कारण तो जन्मसाल १९१६ सांगायचा आणि आई १९१३. आईला खोटं कसं पाडायचं? मग तो थट्टेनं म्हणे, जन्मलो तेव्हाच मी तीन वर्षांचा असणार.

तोवर शंभराहून कितीतरी अधिक लढती त्याच्या खात्यावर होत्या. अडचण एवढीच की तो कृष्णवर्णीय होता, घातक होता आणि त्याच्या पाठीशी वजनदार माणूस नव्हता. अशाशी लढून विजेत्याला मिळणार काय? त्यात हा गटच अधलामधला: वजनाची मर्यादा १७५ पौंड, म्हणजे साधारण ७९ किलो, आणि पैसा सगळा वरच्या हेवीवेटमध्ये. मूरला तीनदा हरवणारा एझार्ड चार्ल्स हेवीवेटचा जगज्जेता झाला, पण लाइट हेवीवेटचा किताब त्याला कधीच मिळाला नाही. मूर वर्तमानपत्रांच्या क्रीडालेखकांना पत्रं लिहीत राहिला. अखेर संधी आली तेव्हा मॅक्सिमला एक लाख डॉलरची हमी होती आणि मूरच्या हाती पडले ८००. वर मॅक्सिमचा व्यवस्थापक डॉक कर्न्स आता मूरच्या कमाईतही वाटेकरी झाला. किताब गेला तरी कर्न्सचं काही गेलं नाही!

सबुरीचं फळ गोड, असं म्हणणाऱ्यांना मूर फार आवडतो. मला ती सबुरी वाटत नाही. ती त्याच्यावर लादलेली होती. तिचं त्यानं हत्यार केलं, हे त्याचं कसब. दोन्ही हात समोर आडवे दुमडून तो ठोसे झेलायचा, वाट पाहायचा, आणि समोरचा दमला की आत शिरायचा. त्याला ‘म्हातारा मुंगूस’ म्हणत ते उगाच नाही. १९५८च्या डिसेंबरात माँट्रियलमध्ये इव्हॉन ड्युरेल या मच्छीमारानं त्याला पहिल्याच फेरीत तीनदा खाली पाडलं, पाचवीत पुन्हा एकदा. अकराव्या फेरीत मूरनं त्याला संपवलं. हेवीवेटच्या किताबानं मात्र हुलकावणीच दिली. १९५५मध्ये त्यानं रॉकी मार्सियानोला दुसऱ्या फेरीत जमिनीवर आणलं खरं, पण नवव्या फेरीत तो स्वतःच उठू शकला नाही.

१९६०मध्ये रोमचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेला एक पोरगा शिकायला म्हणून सॅन दिएगोजवळ मूरच्या तळावर आला. वस्तादाचा नियम असा की आधी झाडलोट करायची, भांडी घासायची. पोराला ते पटलं नाही. थोड्याच दिवसांत तो निघून गेला. दोन वर्षांनी लॉस एंजेलिसमध्ये त्यानं मूरला चौथ्या फेरीत लोळवलं, चौथीतच लोळवीन असं आधी जाहीर करून. पोराचं नाव कॅशियस क्ले. नियम मोडणाऱ्या शिष्याची बाजू मी सहसा घेत नाही. पण क्लेची घेतो. त्या लढतीनंतर पंधरा महिन्यांनी तो हेवीवेटचा जगज्जेता झाला, वयाच्या २२व्या वर्षी.